पंखाखालची नळी

पार्वताबाईंनी सुकदेवभाऊंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गोधडी शिवत आहेत असं त्यांना वाटलं. त्र्याऐंशी सालचा हिवाळा होता. धुळ्याच्या बाहेर धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे त्या नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. आत माणसाहून उंच असा एक चपटा सांगाडा पांढऱ्या कापडात गुंडाळून कडेवर उभा केलेला, आणि त्याच्यापुढे चाळिशीचा एक सडपातळ माणूस वीतभर लांब सुई घेऊन उभा. सुई कापडातून आरपार ढकलायची, वळसा घालून मागे जायचं, तिकडून ती ओढून परत इकडे पाठवायची, पुन्हा वळसा घालून पुढे यायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायची. एका टाक्याला दोन फेऱ्या. पार्वताबाईंनी पाच-सहा टाके पाहिले आणि त्यांना राहवलं नाही.

"भाऊ, हाई गोधडी शे का इमान?"

"गोधडीच शे, अक्का," तो माणूस मागे न बघता म्हणाला. "फक्त हाई उसवनी ते थंडी नही वाजस. मानूस खाले येस."

पार्वताबाईंनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि पंखाच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "धाडा सुई."

त्या दुपारी दोघांनी मिळून साठ टाके घातले. पार्वताबाईंनी मारलेल्या दोन गाठी सुकदेवभाऊंनी उसवायला लावल्या. तिसरी पाहून ते "हं" एवढंच म्हणाले. हे "हं" म्हणजे त्यांच्याकडची मोठी शाबासकी असते, हे पार्वताबाईंना पुढे कळलं.

विमान पार्वताबाईंच्या यजमानांचं, देवचंदनानांचं. नाना दोंडाईच्याचे. मिरची आणि कपाशीची मोठी शेती, दोन ट्रॅक्टर, एक जीप. लहानपणी शेतात पाणी भरताना डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं होतं की आत बसलेल्या माणसाची टोपी दिसली होती. ती टोपी नाना कधी विसरले नाहीत. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी उडायला शिकून घेतलं, आणि कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेलं जुनं 'पुष्पक' विकत घेतलं. दोन माणसं बसतील एवढं, एका इंजिनाचं. लोखंडी नळ्या, लाकूड आणि वरून ताणून बसवलेलं कापड, एवढाच सगळा संसार. पंख काढून ते ट्रकवरून आलं. विमान ट्रकवर बसून आलं, यावर दोंडाईचा पुढची चार वर्षं हसत होतं.

असं विमान उडवायला दोन माणसांची लायसनं लागतात. एक उडवणाऱ्याचं. दुसरं, विमान तपासून ते उडायला योग्य आहे अशी सही करणाऱ्याचं. पहिलं नानांकडे होतं. दुसरं देवपुरात राहणाऱ्या सुकदेवभाऊंकडे. सुकदेवभाऊ शिंदखेडा तालुक्यातल्या एका सालदार शेतमजुराचे चिरंजीव. मॅट्रिक होऊन हवाई दलात गेले, अठरा वर्षांनी सार्जंट होऊन परत आले. त्यानंतर नोकरी सांभाळून त्यांनी या लायसनचा अभ्यास केला. एका पेपरात दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. ते लायसन म्हणजे एक पातळशी पुस्तिका होती. घरात ती बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर असे, बाहेर जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. आठवडाभर ते एका सूतगिरणीत फिटरचं काम करत आणि शनिवार-रविवार विमानाचं.

त्यांची काम करायची एक रीत होती. प्रत्येक उड्डाणाआधी ते डाव्या पंखापासून सुरुवात करून विमानाभोवती एक फेरी मारत. प्रत्येक खिळ्याला, तारेला, बिजागरीला हात लावत. कापडावर टिचकी मारून कान देत. मध्ये कोणी काही विचारलं तर उत्तर देत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू करत. त्यामुळे फेरी चालू असताना कोणी बोलत नसे.

डाव्या पंखाखाली पेन्सिलीएवढी एक नळी पुढे निघालेली होती. तिच्यात वाळू किंवा किडे जाऊ नयेत म्हणून पार्वताबाईंनी तिला लाल कापडाची खोळ शिवून दिली होती. ही नळी कशासाठी, हे त्यांनी एकदा विचारलं.

"वेग कळायला," सुकदेवभाऊ म्हणाले. "उडताना वारा हिच्या तोंडात शिरतो. जेवढा वेग तेवढा दाब, आणि तेवढा आतला काटा हलतो. हिला पडसं झालं की काटा खोटं बोलतो." आणि मग खांद्यावरच्या फडक्याने नळीचं तोंड पुसून, बॅटरीचा उजेड टाकून ते एक डोळा मिटून आत बघत. दर वेळी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सुकदेवभाऊ दोंडाईच्याच्या घरी येत तेव्हा त्यांना चहा ओट्यावर मिळे, आणि कप वेगळा असे. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. हे काही पार्वताबाईंनी ठरवलेलं नव्हतं. सासूच्या वेळेपासून तसं चालत आलं होतं आणि त्यांनी ते चालू ठेवलं होतं. सुकदेवभाऊ चहा पिऊन कप स्वतः विसळत आणि परत खिडकीत ठेवत. शेडमध्ये मात्र दोघं एकाच सुईने टाके घालत.

दसऱ्याला सुकदेवभाऊ धुळ्यात नसत. हवाई दलातून आल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पत्नी प्रमिलाबाईंना आणि मुलाला घेऊन ते नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्यामुळे शेडमधली दसऱ्याची पूजा नेहमी त्यांच्या पाठीमागे होई. पूजा म्हणजे तरी काय, विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार, कुंकवाचं एक बोट आणि एक नारळ. ट्रॅक्टरला आणि जीपला होते तशीच.

सत्त्याऐंशी सालचा दसरा मात्र तसा गेला नाही. त्या श्रावणात तापीच्या वर असताना विमानाचं इंजिन दोनदा अडखळलं होतं. नानांनी ते रात्रीच्या जेवणात हसत हसत सांगितलं. पार्वताबाई हसल्या नाहीत. सुकदेवभाऊंनी दुसऱ्याच दिवशी पेट्रोलच्या वाटेतला कचरा काढून इंजिन नीट केलं, पण पार्वताबाईंच्या मनातला कचरा निघाला नाही. नानांना जमिनीवर ठेवणं त्यांच्या हातात नव्हतं. पूजा हातात होती. नवरात्राचे नऊ दिवस त्यांनी कडक उपास धरला, आणि दसऱ्याला भरलेलं ताट घेऊन शेडमध्ये आल्या.

पंख्याला हार झाला. चाकांना, दाराला, शेपटीला, पंखांच्या टोकांना ओल्या हळदीकुंकवाची बोटं झाली. नाना दारात घड्याळ बघत उभे होते.

"व्हयनं का तुन्हं? आज लोके रावन जाळतस, आनि तू त्यानी गाडीले कुंकू लावस."

"तुमी वर जातस. मी आठे खाले बशीसन काय करू? पूजाच करू."

अगरबत्त्या पेटवल्या आणि त्या खोचायला पार्वताबाईंनी ताटात केळं शोधलं. केळं नव्हतं.

"वनाभाऊ, केळं कोठे गयं?"

जीप चालवणारे वनाभाऊ पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. त्यांनी मिशी पुसली. "ते मी खाई टाकं, अक्का. माले वाटनं उपासनं शे."

"आज दसरा. आज उपास कसाना?"

"म्हनीसनच खादं. उपास सुटना ना."

नाना मोठ्याने हसले. पार्वताबाईंनाही हसू आलं. हातात पेटलेल्या अगरबत्त्या, खाली नुसता सिमेंटचा कोबा. दोन त्यांनी नारळाच्या शेंडीत खोचल्या, एक दाराच्या फटीत. चौथी राहिली. समोर पंखाखालची नळी होती. तिच्यावरची लाल खोळ त्यांनी कुंकू लावायला आधीच काढली होती. नळीचं तोंड अगरबत्तीच्या काडीला मापाने केल्यासारखं होतं. त्यांनी चौथी अगरबत्ती तिथे खोचली, आणि हलू नये म्हणून जरा आत दाबली.

आरती झाली, नारळ फुटला. शेडमध्ये पेट्रोलचा डबा असल्यामुळे नानांनी अगरबत्त्या विझवायला सांगितल्या. नळीतली ओढताना काडी कट्‌कन मोडली. पार्वताबाईंच्या हातात जो तुकडा आला तो आखूड होता. त्यांनी खाली बघितलं. खाली अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, राख, दोन-तीन काड्या. त्यातलीच एक असेल. नानांना सांगावं असं एकदा मनात आलं, पण "कोठेबी हात लावस!" हे वाक्य त्यांना आधीच ऐकू आलं. त्यांनी नळीवर खोळ चढवली आणि ताट उचललं.

दोन दिवसांनी रविवार होता. सुकदेवभाऊ पहाटेच्या गाडीने नागपूरहून उतरून तसेच शेडवर आले होते, आणि पार्वताबाई खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या. फेरी सुरू झाली. सगळे गप्प. डाव्या पंखापाशी सुकदेवभाऊंनी खोळ काढली. नळीच्या तोंडाभोवती कुंकू घट्ट वाळलं होतं. खांद्यावरचं फडकं त्यांच्या हातात आलं, आणि तसंच पुन्हा खांद्यावर गेलं. बॅटरी खिशातच राहिली. ते पुढच्या बिजागरीकडे वळले.

पार्वताबाईंनी हे पाहिलं. आपली पूजा या माणसाने पुसली नाही, याचं त्यांना त्या वेळी बरंच वाटलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे बरं वाटणं.

उडवणाऱ्यानेही आपली एक फेरी मारायची असते. नानांनी ती केव्हाच सोडून दिली होती. "सुकदेवनी देखं म्हंजे देवनी देखं," असं ते म्हणत. त्यांनी सही घेतली आणि उडाले.

अर्धा तास धुळ्यावर आणि पांझरेवर घिरट्या घालून विमान परत आलं. खाली येताना ते नेहमीपेक्षा जोरात येत आहे हे पार्वताबाईंनाही कळलं. आत काटा वेग कमी दाखवत होता, म्हणून नाना नाक खाली दाबून वेग वाढवत होते. वेग तर आधीच जास्त होता. चाकं नेहमीच्या जागी टेकली नाहीत. विमान धावपट्टीवरून तरंगत पुढेच जात राहिलं.

"उचला! नाना, परत उचला!" सुकदेवभाऊ ओरडत धावत सुटले, जणू वर ऐकू जाणार होतं.

धावपट्टी संपली. चाकं पलीकडच्या कपाशीत शिरली, बांधाला अडली. विमान क्षणभर नाकावर उभं राहिलं आणि पाठीवर पडलं.

सुकदेवभाऊ सर्वांत आधी पोचले. त्यांनी पेट्रोलची तोटी बंद केली, पट्टा कापला आणि नानांना ओढून बाहेर काढलं. नाना जिवंत होते. उजव्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला होता.

दहा दिवसांनी मुंबईहून चौकशी अधिकारी आले. नाना दवाखान्यात, पार्वताबाई त्यांच्या उशाशी. शेडमध्ये काय झालं ते वनाभाऊंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन सांगितलं. साहेबांनी वेगाचा काटा तपासला, नळी उघडली, आणि चिमट्याने आतून काडीचा तुकडा काढला. हे काय, म्हणून विचारलं. सुकदेवभाऊ त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, माझ्या हातून झालंय. नळी कोरताना काडी आत मोडली."

"असं म्हनना तो?" पार्वताबाईंनी विचारलं.

"म्हनना. लिहीसन दिधं. सही करी." वनाभाऊ जमिनीकडे बघत होते. "अक्का, काडी गुलाबी व्हती. अगरबत्तीले खाले ऱ्हास ना, तशी."

पार्वताबाई नानांच्या खोलीकडे परत वळल्या. वनाभाऊ पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. ते केळ्याचं नाव काढायचेच बंद झाले.

सुकदेवभाऊंचं लायसन आधी तात्पुरतं थांबवलं, मग रद्द झालं. इंदूरच्या एका फ्लाइंग क्लबाने त्यांना दिवाळीनंतर कायमच्या कामावर बोलावलं होतं. त्यासाठी त्यांनी सूतगिरणीची नोकरी सोडली होती. इंदूरहून दोन ओळींचं पत्र आलं, की आता येऊ नये. सूतगिरणीने त्यांच्या जागी दुसरा फिटर घेतला होता.

नानांना हे सगळं कळलं तेव्हा ते पलंगावरून ओरडले, "अठरा वरीस एअरफोर्समा काढीसन त्याले नळी कोराले बांबूनी काडी सापडनी? मन्हा दारमा पाय ठेवू देऊ नका त्याले!"

पार्वताबाईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं.

सांगायचं त्यांनी कितीदा ठरवलं. नाना घरी आल्यावर सांगू. पाय टेकायला लागले की सांगू. दिवाळी होऊ दे. मधल्या लेकीचं बाळंतपण होऊ दे. प्रत्येक दिवस जवळ येई, आणि पार्वताबाईंना त्या दिवशी दुसरं काम निघे. देवघरात त्यांनी अगरबत्ती लावणं सोडलं.

"अगरबत्ती सरनी का?" नानांनी एकदा विचारलं.

"वासनं डोकं दुखस."

नाना काठीवर चालायला लागले. आकाशात काही वाजलं तरी वर बघायचे नाहीत. आणि सुकदेवभाऊंवरचा राग दर महिन्याला नवा होत गेला. दीड वर्ष झालं तेव्हा, एका दुपारी बैठकीत चार पाहुणे होते. विमानाचा विषय निघाला आणि नाना म्हणाले, "नागपूरहून रातभर प्रवास करीसन उना व्हता. कोन जाने, पेयेलबी व्हई."

"व्हईच," एक पाहुणा म्हणाला. "त्या लोकेसनं काय सांगता येस?"

सगळे हसले. सुकदेवभाऊ चहाशिवाय काही पीत नाहीत हे त्या खोलीत दोन माणसांना पक्कं माहीत होतं. एक हसणाऱ्यांत होतं, दुसरं चहाचा ट्रे घेऊन दारात उभं होतं. पार्वताबाईंनी सगळ्यांपुढे कप ठेवले आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात खिडकीजवळ किती वेळ उभ्या होत्या, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वनाभाऊंना न सांगता त्या एसटीने धुळ्याला गेल्या आणि विचारत विचारत देवपुरातलं घर शोधलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत सुकदेवभाऊ विहिरीवरची एक मोटार उघडून तिच्यात तांब्याची तार भरत बसले होते. त्यांना पाहून ते उठले, हात पुसले.

"अक्का, तुम्ही? नाना बरे आहेत ना?"

पार्वताबाईंना बसायला सतरंजी आली. प्रमिलाबाईंनी तिघांना चहा आणला. तिन्ही कप एकसारखे होते, निळ्या फुलांचे. पार्वताबाईंनी कप हातात धरला, पण तो त्यांना तोंडापर्यंत नेता येईना.

"काडी मन्ही व्हती," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"चिमट्यात दिसली तेव्हाच. रंग गुलाबी होता."

"मंग तुमी कसाले आपलं नाव सांगं?"

सुकदेवभाऊंनी हातातला तारेचा वेढा खाली ठेवला. "तुमचं नाव कागदावर गेलं असतं. नाना दवाखान्यात होते. पाय कुणामुळे गेला हे त्यांना कळलं असतं, आणि त्यांना रोज तुमच्याच हातचं जेवायचं होतं. आणि अक्का, मी काही फार खोटं नाही बोललो. काडी कुणी घातली ते सोडा. बघायचं काम माझं होतं. पुसून, बॅटरी लावून. मी बघितलं नाही."

"कसाले नही देखं? तुमी ते दर टायमाले देखतस."

सुकदेवभाऊंनी तारेचा वेढा पुन्हा उचलला. आपला कप घेऊन आत गेलेल्या प्रमिलाबाई तिथूनच म्हणाल्या, "सांगा की. मला दहा वेळा सांगून झालंय, त्यांना एकदा सांगा."

"कुंकू होतं," सुकदेवभाऊ म्हणाले. "नळीच्या तोंडावर वाळलेलं. मी पुसायला फडकं काढलंसुद्धा. मग वाटलं, ही तुमच्या घरची पूजा. मी आताच दीक्षाभूमीवरून आलेला. मी ती पुसताना कुणी पाहिलं, तर काय म्हणतील? म्हटलं, आजच्या दिवस राहू द्यावं. एवढंच, अक्का. हवाई दलात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि त्या दिवशी कुणी काही बोललेलं नसताना भ्यालो."

"मी काही म्हनती का तुम्हाले?"

हे शब्द तोंडातून गेले आणि पार्वताबाईंच्या डोळ्यांपुढे खिडकीतला तो कान तुटलेला कप आला.

"मी नानाले सांगस आते," पार्वताबाई म्हणाल्या.

"नका सांगू. लायसन काही परत येणार नाही."

"लायसनसाठी नही. नाना तुम्हाले दारुड्या म्हनतस."

सुकदेवभाऊंनी मान वर केली. हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

"सांगू द्या त्यांना," प्रमिलाबाई दारात येऊन म्हणाल्या. "तुमचं मोठेपण पुष्कळ झालं. पोराला कॉलेजात विचारतात, तुझ्या बापानेच विमान पाडलं ना म्हणून. तो मुकाट्याने ऐकून घेतो, कारण त्यालाही तुम्ही हेच सांगितलंय."

पार्वताबाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठल्या. जाताना कप विसळायला मोरीकडे निघाल्या, तेव्हा प्रमिलाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "ठेवा, अक्का. पाहुण्यांनी कप धुवायची आमच्यात पद्धत नाही." त्या साधंच बोलल्या. पार्वताबाईंना मात्र रस्ताभर ते वाक्य पुरलं.

त्याच संध्याकाळी नाना ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. पार्वताबाई समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नसलेलं केळं, नळीचं तोंड, आखूड तुकडा, फडकं खांद्यावर गेलं ते, आणि आपल्याला बरं वाटलं तेही. काही गाळलं नाही. नानांचा तेलाचा हात मध्येच थांबला होता.

"काडी मोडनी ते तुले कळनं व्हतं?"

"हं."

"आनि दीड वरीस तू मन्हाकडून त्याले शिव्या देवाडी."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पार्वताबाईंना वाटलं. नाना अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढ्यात आलेलं जेवत होते. बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी वनाभाऊंना जीप काढायला सांगितली आणि पार्वताबाईंकडे न बघता म्हणाले, "चाल. तूबी ये."

देवपुरातल्या पडवीला दोन पायऱ्या होत्या. नाना काठी टेकत त्या चढले, सतरंजीवर बसायला त्यांना वेळ लागला. बसल्यावर म्हणाले, "सुकदेव, उडायच्या आधी मी पण फेरी मारायची असते. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. मी तीन वर्षं मारली नव्हती."

"मला माहीत होतं, नाना. मी बोलायला हवं होतं."

"तू दारू पिऊन आला होतास, असं मी लोकांत म्हणालो."

"तेही कळलं."

नानांनी खिशातून कागद काढला. विमान खात्याला पाठवायचा अर्ज होता तो. दसऱ्याच्या दिवशी शेडमध्ये काय घडलं ते त्यात क्रमाने लिहिलं होतं. खाली "काडी माझ्या हातून मोडली व मी ती गोष्ट लपवली" या ओळीपुढे पार्वताबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, अक्षर मोठं.

उत्तर यायला आठ महिने लागले. नवीन जबाब नोंदवून घेतल्याचं त्यात लिहिलं होतं. परंतु संबंधित इसमाने चौकशीत जाणूनबुजून खोटा जबाब दिल्याचं आता सिद्ध होत असल्याने त्यांचं जुनं लायसन परत देता येत नाही. त्यांची इच्छा असल्यास त्यांनी सर्व परीक्षांना नव्याने बसावं. सुकदेवभाऊंनी पत्र दोनदा वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले, "खोटा जबाब तर दिलाच होता." तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. परीक्षेचे फॉर्म नानांनी मागवून दिले. सुकदेवभाऊंनी ते ठेवून घेतले, पण भरले नाहीत.

पार्वताबाई त्यानंतर अनेकदा देवपूरला गेल्या. दर वेळी प्रमिलाबाईंशी बोलून परत येत. माफीचा विषय दोघींनी कधी काढला नाही. प्रमिलाबाईंनी ती दिली आहे की नाही, हे पार्वताबाईंना आजही नक्की सांगता येत नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटत नाही.

सुकदेवभाऊ आता त्रेपन्न वर्षांचे आहेत. देवपुरात मोठ्या रस्त्याला लागून त्यांचं विहिरीच्या मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. ते सकाळी साडेआठला उघडतं आणि गुरुवारी बंद असतं.